भिंगरीबाईंचा जादा तास

बाईंना खुर्चीत बसलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. वर्गात आल्या की दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत आणि तिथून परत फळ्याकडे, अशा त्या फिरत राहायच्या. हातातला खडू बोलता बोलता नखानं खरवडायच्या, त्यामुळे तास संपेपर्यंत उजवी बाही पांढरी व्हायची. मुलांनी त्यांचं नाव भिंगरी ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तिथं येणाऱ्या पोरांच्या तोंडून त्यालाही ते कळलं होतं, आणि घरात बाई उगाच येरझारा घालायला लागल्या की तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "भिंगरे, बस की जरा."

बाईंचं वय त्रेपन्न. नोकरीची सत्तावीस वर्षं. त्यातली शेवटची नऊ वर्षं त्यांच्याकडे एक खास काम होतं. दहावीच्या प्रत्येक मुलाला एक सक्तीची चाचणी द्यावी लागे, वाचता-लिहिता येतं की नाही ते तपासणारी. बाकी सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी मिळाले तरी ही चाचणी राहिली तर शाळेचं प्रमाणपत्र मिळत नसे. एक अनोळखी उतारा वाचून उत्तरं द्यायची, एखादी सूचना किंवा माहितीपत्रक वाचून त्यावरची उत्तरं द्यायची आणि शेवटी एका विषयावर आपलं मत लिहायचं, एवढंच. पण या एवढ्यावर दरवर्षी पंचवीस-तीस मुलं घसरायची. वर्षाच्या सुरुवातीला सराव परीक्षेत जी आपटायची ती बाईंच्या जादा तासाला पाठवली जायची.

आणि बाई त्यांना पास करायच्या. पंचविसांतली तेवीस तर नक्की.

त्यांची युक्ती साधी होती. मत लिहायला त्यांनी एक चौकट बनवली होती आणि ती मोठ्या अक्षरात भिंतीवर लावली होती. 'मला असं वाटतं की', मग 'याचं पहिलं कारण म्हणजे', मग 'उदाहरणार्थ', मग 'काही लोक म्हणतील की', आणि शेवटी 'म्हणून मी म्हणेन की'. मधल्या जागा भरायच्या. विषय शाळेत फोन आणण्याचा असो नाहीतर नदीकाठच्या कारखान्याचा, चौकट सगळ्यांना बसायची. एका वर्षी एका पोरानं सरावाच्या सगळ्या विषयांवर 'उदाहरणार्थ, आमच्या शेजारच्या काकांचंही असंच झालं' असं लिहिलं. खऱ्या चाचणीतही तेच लिहून आला आणि झक्कपैकी पास झाला.

उताऱ्यासाठी तर त्यांनी तीन ठेके बसवले होते. टाळी वाजवत म्हणायच्या, "शब्द पकडा, वाक्य उचला, पुढे चला." म्हणजे प्रश्नातला मुख्य शब्द बघायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. अख्खा उतारा वाचायची गरजच नाही. दुसऱ्या शाळांतले शिक्षक ही पद्धत बघायला येत. मुख्याध्यापक पाहुण्यांना आवर्जून त्यांच्या वर्गात आणत आणि बाईंना मनातून बरं वाटे.

चाचणीला सात आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी शाळा सुटल्यावर एक तरुणी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पंचविशीतली, डावा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला. बाईंना आधी ओळख पटेना. मग ती मान तिरकी करून हसली आणि एकदम आठवलं. आठ वर्षांपूर्वीची, दुसऱ्या रांगेतली. लिहायची कमी आणि खोडायची जास्त, म्हणून मुलं तिला खोडरबर म्हणायची.

खोडरबर आता एका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथं डाग काढायची नवी पावडर आली होती. ती तिनं गरम पाण्यात टाकली, पाणी उसळलं आणि हात भाजला. आता कार्यालयानं तिला एक कागद दिला होता. काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून द्या, चार दिवसांत. चूक कुणाची ते त्यावरून ठरणार होतं.

तक्रार करायला ती आलीच नव्हती. उलट शाळेत पाऊल टाकून तिला आनंदच झालेला दिसत होता. तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि बाकावर पसरला. वर लिहिलं होतं, 'मला असं वाटतं की अपघात होऊ नयेत. याचं पहिलं कारण म्हणजे'. पुढे कोरं होतं. कागद दोन ठिकाणी खोडून खोडून पातळ झाला होता.

"बाई, उदाहरणार्थच्या पुढे काय लिहू तेवढं सांगा," ती म्हणाली. "बाकीचं मी जमवते."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं की पावडरच्या डब्यावर काही लिहिलं नव्हतं का. लिहिलं होतं की, ती म्हणाली, आणि फोनवरचा फोटो काढून दाखवला. बाई म्हणाल्या, वाच.

"गरम पाण्यात मिसळा," खोडरबरनं वाचलं.

"परत वाच. बोट ठेवून."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "गरम. पाण्यात. मिसळू..." आणि थांबली.

"पुढे?"

पुढे 'नये' होतं. खोडरबर त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "पुढे मी गेलेच नाही, बाई," ती म्हणाली. "शब्द सापडला होता ना."

बाईंना एकदम बसावंसं वाटलं आणि त्या चक्क बाकावर बसल्या. शब्द पकडा, वाक्य उचला, पुढे चला. टाळीचा आवाज त्यांच्या स्वतःच्याच कानात वाजत होता.

तीन दिवस त्या खोडरबरला शाळा सुटल्यावर बोलावत राहिल्या. चौकट बाजूला ठेव म्हणाल्या, आणि मला नुसतं सांग, काय झालं. तिनं सांगितलं, ते भराभर आणि नीट सांगितलं. मग त्या म्हणाल्या, आता हेच लिही. पहिलं वाक्य लिहायला वीस मिनिटं गेली. 'मंगळवारी सकाळी नवा डबा आला.' पण ते आल्यावर दुसरं आलं, तिसरं आलं. डब्यावरची अक्षरं किती बारीक होती, नवी पावडर कशी वापरायची ते कुणीच दाखवलं नव्हतं, आणि आपण घाईत अर्धंच वाचलं, हेही तिनं लिहिलं. ते वाक्य गाळू का, असं तिनं बाईंना विचारलं. मग तिनंच ते राहू दिलं.

त्या आठवड्यात बाईंचं घरात कशातच लक्ष लागेना. भाजी चिरायला घेतली की अर्धवट टाकून खिडकीशी जायच्या. संध्याकाळी त्या नवऱ्याच्या दुकानात गेल्या आणि काचेच्या कपाटासमोर येरझारा घालत सगळं सांगितलं. नवरा एका चष्म्याचा स्क्रू बसवत होता. ऐकून घेतल्यावर म्हणाला, "माझ्याकडे रोज एखाद-दुसरा येतो. डोळे तपासायला बसवलं की म्हणतो, आज अक्षरं नको, डोकं दुखतंय. मग मी चित्रांचा तक्ता काढतो."

"मला कधी बोलला नाहीत."

"त्यात बोलायचं काय? शाळा शिकलेली माणसं असतात. त्यांनाच लाज वाटते, मी कशाला चारचौघांत काढू?"

त्यांतली आपल्या वर्गातली किती असतील, हा प्रश्न बाईंच्या ओठांवर येऊन थांबला. नवरा मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची चौकट काढली. तेवीस मुलं हबकून बघत राहिली. बाईंनी सगळ्यांना सांगितलं की घरातून काहीही छापील आणा, औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, यंत्राबरोबर आलेलं पत्रक, आणि आपण ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. एका तासात अर्धं पान झालं. पुढच्या तासात पाऊण. मुलं चुळबुळायला लागली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त बाई. त्यांच्या हिशेबानं या वेगानं चाचणीपर्यंत अभ्यासाचा पाव भागसुद्धा होणार नव्हता.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. ते भले गृहस्थ होते, आवाज चढवत नसत. म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं मला पटतं, पण चाचणी सहा आठवड्यांवर आली असताना घोडं बदलायची ही वेळ आहे का? पालक विचारायला लागलेत. बाई म्हणाल्या, मुलांना वाचता येत नाही हो. ते म्हणाले, ते सहा वर्षांत आलं नाही, सहा आठवड्यांत येईल? खोलीत त्या उभ्याच होत्या, टेबलावरचा पेपरवेट फिरवत.

शेवटी तोडगा निघाला. ज्यांना चौकट हवी त्यांना एक तरुण शिक्षिका शेजारच्या वर्गात घेईल, ज्यांना बाईंकडे राहायचं त्यांनी राहावं. पंधरा जणांनी दप्तरं उचलली. आठ उरले. त्यांतलेही दोघं खिडकीजवळची जागा सोडवत नाही म्हणून उरले असावेत, असा बाईंना संशय होता.

उरलेल्या आठांत एक मुलगी होती, तिला सगळे टेप म्हणत. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात ते कायमचं भरलं जायचं. सरांचं अख्खं भाषण ती खोकल्यासकट म्हणून दाखवायची. तोंडी परीक्षेत नेहमी पहिली, लेखीत कशीबशी काठावर. घाई करते म्हणून चुकते, असं सगळे शिक्षक समजायचे. बाईसुद्धा.

एका दुपारी बाईंनी माहितीपत्रकं वाटली. टेपच्या शेजारणीला पाणी बंद राहण्याची सूचना आली होती. तिनं अडखळत वाचली. मग टेपची पाळी आली. ती उठली, कागद समोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं. पाणी किती वाजता बंद राहील, कोणत्या भागात, टाक्या कधी भरून ठेवाव्यात, सगळं. शेजारीण 'दुरुस्ती'वर जिथं अडखळली होती तिथं तीही अडखळली. बाई फिरत फिरत तिच्या मागे आल्या आणि त्यांनी कागदात डोकावून पाहिलं. तिच्या हातातलं पत्रक बसच्या वेळापत्रकाचं होतं.

बाई "छान. बस," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. टेपनं आधी थट्टेवारी नेलं, मग ती खाली बघत म्हणाली की सुटी अक्षरं वाचता येतात, जोडाक्षर आलं की सगळं एकमेकांत अडकतं. पुढचा शब्द अंदाजानं म्हणायचा. तिसरीपासून तसंच चाललंय.

"घरी कुणाला माहीत आहे?"

"मावशीला वाटतं मी हुशार आहे," टेप म्हणाली.

वर्गात बसून तिचं होईना. पुस्तक उघडलं की तिची नजर सैरावैरा व्हायची आणि बाईंचे पाय वळवळायला लागायचे. तेव्हा दोघी बाहेर पडल्या. शाळा सुटल्यावर रोज एक रस्ता पकडायचा आणि दिसेल ती पाटी वाचायची. 'प्रवेश बंद.' 'दुरुस्ती चालू आहे.' 'स्वच्छ धुतलेले कपडे येथे मिळतील.' बाई भराभर पुढे जायच्या, टेप एखाद्या पाटीपाशी अडकून मागे राहायची, मग बाई चडफडत परत यायच्या. जोडाक्षर आलं की टेप हवेत बोटानं ते फोडायची, अर्धं इकडे, पूर्ण तिकडे. 'स्वच्छ'नं तिचे दोन दिवस खाल्ले. लोक बघायचे. एका दुकानदाराला वाटलं या सरकारी तपासणीला आल्यात, त्यानं घाईनं बाहेर मांडलेले डबे आत घेतले.

या भानगडीचा वास मावशीला लागला. ती केस कापायच्या दुकानात काम करायची, टेपला लहानपणापासून तिनंच वाढवलं होतं. एक दिवस ती कामाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून शाळेत आली. पोरीला रस्त्यावर हिंडवता आणि शेजारच्या वर्गात मात्र मुलं पेपर सोडवतात, असं ती म्हणाली. तिकडे जा म्हटलं तर पोरगी ऐकत नाही.

बाई समजावू लागल्या. टेपचं वाचण्याचं गुपित त्यांना सांगायचं नव्हतं, त्यामुळे जे सांगितलं ते त्यांचं त्यांनाच पोकळ वाटलं. मावशीनं शांतपणे ऐकलं.

"बाई, तिला आधी पास करा," ती म्हणाली. "शहाणी नंतर करा."

बाईंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. फळ्यावर लिहिताना, जिना उतरताना, दात घासताना. एका रात्री तर त्यांनी ठरवलंही की उद्या टेपला चौकट द्यायची. सकाळी टेप फळ्यापाशी उभी होती. समोरच्या दुकानाची नवी पाटी आपण येता येता एका दमात वाचली, म्हणून सांगत होती. बाईंनी चौकटीचा कागद पिशवीतच ठेवला.

चाचणी झाली. निकाल तीन आठवड्यांनी लागला. शेजारच्या वर्गातल्या पंधरांतले चौदा पास झाले. बाईंच्या आठांतले पाच. टेप तीन गुणांनी राहिली.

नऊ वर्षांतला हा सगळ्यात वाईट निकाल होता. मुख्याध्यापक काही टोचून बोलले नाहीत, तेच बाईंना जास्त लागलं. पुढच्या वर्षी जादा तास तरुण शिक्षिका घेईल, एवढंच त्यांनी सांगितलं. बाईंनी अर्ज करून टेपचा पेपर बघायला मागवला. सूचनेवरचे सगळे प्रश्न बरोबर होते. उतारा निम्म्यावर सुटला होता, वेळ पुरला नव्हता. मताच्या जागी चारच ओळी होत्या. विषय होता, शाळेला गणवेश असावा का. तिनं लिहिलं होतं, 'असावा. मला रोज काय घालायचं ते ठरवायला वेळ नसतो. मावशी सात वाजता जाते. इस्त्री मीच करते.' परीक्षकानं कडेला लिहिलं होतं, मुद्दे अपुरे.

बाई तिच्या घरी गेल्या. दार मावशीनं उघडलं. टेपनं तोवर सगळं स्वतःच सांगितलं होतं, जोडाक्षरांचं, तिसरीपासूनचं. मावशीचे डोळे सुजलेले होते. बाई म्हणाल्या, माझं चुकलं असेल, माफ करा. मावशीनं माफ केलं की नाही ते कळलं नाही. तिनं खुर्ची पुढे केली. बाईंना बसवेना, पण त्या बसल्या.

"मला हुशार वाटायची म्हणून मी कधी तिची वही उघडली नाही," मावशी म्हणाली. मग तिनं विचारलं, "फेरचाचणी कधी आहे?"

चार महिन्यांनी होती. सुट्टीभर टेप रोज सकाळी बाईंच्या घरी आली. या वेळी बाईंनी तिला दोन्ही दिलं. पाट्या, पत्रकं, कथा, सगळं शेवटच्या शब्दापर्यंत, आणि शेवटच्या महिन्यात चौकटही. चौकट देताना सांगितलं की ही परीक्षकासाठी आहे, तुझ्यासाठी नाही. टेपला ती एका वाचनात पाठ झाली, त्यात नवल नव्हतं. घड्याळ लावून उतारे सोडवताना मात्र ती रडकुंडीला यायची, आणि बाई आतल्या खोलीत जाऊन उगाच कपड्यांच्या घड्या मोडून परत घालत बसायच्या.

फेरचाचणीच्या दिवशी बाईंनी केंद्राच्या फाटकाबाहेर इतक्या फेऱ्या मारल्या की पहारेकऱ्यानं स्वतःचं स्टूल आणून दिलं. टेप सगळ्यांत शेवटी बाहेर आली. कसा गेला विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही. पण सगळं वाचलं." सहा गुण जास्त मिळवून ती पास झाली. मावशीनं निकालाचा कागद तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, खालच्या बारीक सूचनांसकट.

खोडरबरचा निरोप मध्येच कधीतरी आला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं की हे तुला कुणी लिहून दिलं. मीच लिहिलं म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथं तिला दोन वाक्यं लिहायला लावली. नोकरी राहिली. नव्या डब्यांवरच्या सूचना आता मोठ्या अक्षरांत येतात. हाताची तीन बोटं मात्र अजून पुरती मिटत नाहीत.

बाईंना त्यातून समाधान वाटलं असं म्हणता येणार नाही. नऊ वर्षांत चौकटीतून बाहेर पडलेली दोनशेच्या वर मुलं त्या आता रस्त्यात शोधायला लागल्या होत्या. औषधाच्या दुकानात कुणी चिठ्ठी दूर धरून बघताना दिसलं की त्या थबकायच्या. आपल्या वर्गातला तर नाही?

जूनमध्ये त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि आठवीचा एक तास मागितला. दहावीत फार उशीर होतो म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, आठवीला चाचणी नाही, निकाल नाही, त्यात तुम्हाला काय मिळणार? बाई म्हणाल्या, म्हणूनच द्या.

पहिल्या दिवशी वर्गात एकेचाळीस मुलं होती. बाईंनी प्रत्येकाला वेगळा कागद दिला आणि एकेकाला उभं करून वाचायला सांगितलं. तीन दिवस हेच चाललं. त्या बाकांमधून फिरत होत्या, प्रत्येकाच्या कागदात डोकावत होत्या आणि खिशातल्या छोट्या वहीत अडकणाऱ्यांच्या नावापुढे खुणा करत होत्या. तिसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा अकरा खुणा झाल्या होत्या आणि नऊ मुलं अजून उरली होती. गणिताचे सर पुस्तकं काखेत घेऊन दारात उभे होते. त्यांनी खाकरून पाहिलं.

"एकच मिनिट, सर," बाई मागे न वळता म्हणाल्या, आणि खिडकीजवळच्या मुलाला खूण केली की ऊठ.

तो उठला. कागद त्यानं चेहऱ्याच्या फार जवळ धरला होता.